कुणी न लिहिलेलं महाकाव्य

महाकाव्याची व्याख्या मी आजवर इतक्या वेळा उतरवून दिली आहे, की ती एका सलग कागदी पट्टीवर लिहिली असती तर त्या पट्टीनं दौलताबादच्या किल्ल्याला तीन वेढे घालून झाले असते आणि उरलेल्या तुकड्यात गुलमंडीतल्या सगळ्या दुकानदारांनी वर्षभर पुड्या बांधल्या असत्या. मला ती झोपेत म्हणता येते. एकदा दाढ काढताना भूल दिली होती तेव्हा मी ती म्हटली, असं दाताच्या डॉक्टरनं सांगितलं. त्यानं ती लक्षणांसह ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘सर, माझी मुलगी बी.ए.ला आहे, जरा हळू म्हणा, लिहून घेतो.’

मी तासिका तत्त्वावरचा मराठीचा प्राध्यापक आहे. म्हणजे तासापुरता. जूनमध्ये कॉलेजचा फोन आला तर मी प्राध्यापक, नाही आला तर नुसताच चष्मा लावलेला माणूस. बावीस जून असे फोनकडं बघत काढलेत. सकाळी शहरातलं एक कॉलेज, दुपारी अजिंठ्याच्या रस्त्यावर, फर्दापूरच्या थोडं अलीकडं दुसरं. त्या रस्त्याची कामं इतकी वर्षं चालली, की त्या धुळीनं माझ्या फुप्फुसात चांगली एकरभर जमीन तयार झाली असेल. सातबारा तेवढा निघायचा राहिलाय.

शिकवायचं तेच. साहित्याच्या मूलभूत संज्ञा. कथानक म्हणजे काय, निवेदक कोण, प्रतीक आणि प्रतिमा यांत फरक काय, अतिशयोक्ती कशाला म्हणतात. निवेदक समजावताना मी सांगायचो, ‘कॉलेजात भांडण झालं समजा. मारणाऱ्यानं सांगितलं तर एक गोष्ट, मार खाणाऱ्यानं सांगितलं तर दुसरी. कँटीनवाल्यानं सांगितलं तर तिसरी, आणि तीच सगळ्यांत लांब.’ पोरं हसायची. पहिली दहा वर्षं मीपण हसायचो. नंतर मी हसण्यासाठी थांबायचो, एवढंच.

तर ते महाकाव्य.

फर्दापूरकडच्या त्या कॉलेजात एका दुपारी लाइट गेलेली. पत्र्याचं छप्पर असं तापलेलं की वर पापड टाकला असता तर खाली भाजून पडला असता. चाळीसेक पोरं-पोरी. त्यांतली निम्मी सकाळी लेण्यांच्या पायथ्याशी गारगोट्या, माळा विकून आलेली, उरलेली शेतातून. सगळ्यांच्या पापण्या जड. मी व्याख्या दिली, लक्षणं दिली. धीरोदात्त नायक, भव्य विषय, युद्ध किंवा प्रवास, अद्भुताचा वापर. आता उदाहरण म्हणून आपली नेहमीची दोन मोठी महाकाव्यं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, ती दोन नको. ती समदेच लिहितेत. तपासणाऱ्याला कंटाळा येतोय. वायलं उदाहरण लिहिलं तर मार्क जास्त पडतेत, व्हय ना सर?’

हे खरं आहे. आमच्या पोरांना अभ्यासक्रम माहीत नसतो, पण तपासणाऱ्याचा स्वभाव पाठ असतो. आणि माझा स्वभाव असा, की कुणी वेगळं काही मागितलं की ‘नाही’ हा शब्द माझ्या तोंडात सापडतच नाही.

‘आहे ना,’ मी म्हणालो. ‘गिरिवाहन. फार जुनं महाकाव्य. फार कमी लोकांना माहीत आहे.’

कमी म्हणजे त्या क्षणी कुणालाच नव्हतं. मलाही नव्हतं. पण पापण्या उघडल्या, वह्या उघडल्या, आणि एकदा चाळीस माणसं तोंडाकडं बघायला लागली की मला थांबता येत नाही. मी सांगत गेलो. एक राजपुत्र, त्याला दोन भाऊ. हा भर दरबारात बोलून बसतो, की आपल्या राज्याला सावली धरणारा हा डोंगर मी उचलून समुद्रात टाकून येईन. वडील म्हणतात, टाक. मग हा डोंगर डोक्यावर घेतो आणि निघतो. चालता चालता थकतो. जरा टेकवू म्हणतो, तर खाली गाव असतं. गावकरी बाहेर येतात, हात जोडतात, ‘महाराज, इथं नको.’ पुढं जातो, तिथं शेत असतं. ‘इथं नको.’ त्याच्या पुढं विहीर, मसणवटा, देऊळ, दर्गा. सगळीकडं ‘इथं नको.’ असे बारा सर्ग. शेवटी तो एका मोकळ्या माळावर येतो आणि विचारतो, ‘इथं ठेवू का?’

पोरं भराभरा उतरवून घेत होती. मी शपथेवर सांगतो, दुसऱ्या दिवशी ‘हे मी रचलं होतं बरं का’ असं सांगायचं माझ्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती, तिसऱ्या दिवशी शिबिर, आणि पुढच्या आठवड्यात माझ्या तासिका संपल्या. आमच्या तासिका अशाच संपतात, मध्येच. पोरांनी परीक्षेचा अर्ज भरला आणि मी शहरातल्या पोरांना प्रतिमा आणि प्रतीक यांतला फरक सांगायला लागलो. गिरिवाहन मी विसरून गेलो. मी सांगितलेल्या गोष्टी लक्षात ठेवायला मला दुसरं डोकं लागेल.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासायला बोलावणं आलं. एका मोठ्या हॉलमध्ये सगळ्या जिल्ह्यांचे मास्तर लांबलांब टेबलांवर बसतात. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, कॉलेज नसतं, नुसता आकडा. चाळीसचा एक गठ्ठा येतो, तो संपला की दुसरा. कूलर दोन, त्यातला एक हवा देतो आणि दुसरा नुसता आवाज. माझ्या शेजारी पैठणकडचे एक सर बसायचे. माझ्यासारखेच तासापुरते, गळ्यात ओला रुमाल. आणि टेबलाच्या टोकाला नियामक मॅडम. नियामक म्हणजे आम्ही तपासलेल्यांतल्या काही उचलून पुन्हा तपासणाऱ्या. निवृत्तीला वर्ष राहिलेल्या, चष्म्याला दोरी, आणि आवाज असा की त्या ‘बरं’ म्हणाल्या तरी माणसाला आपलं काहीतरी चुकलं असं वाटावं.

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. उत्तर कुणी पूर्ण वाचत नाही. मी तर नाहीच नाही. दिवसाला एवढे गठ्ठे, एवढं ऊन, एवढी तीच ती व्याख्या. तपासणारा उत्तराचं तोंड बघतो, मधली अधोरेखितं बघतो, लांबी बघतो आणि आकडा टाकतो. उत्तराचा शेवट वाचणारा परीक्षक मी तोवर बावीस वर्षांत पाहिलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवा गठ्ठा उघडला. प्रश्न दुसरा, महाकाव्याची लक्षणे सोदाहरण स्पष्ट करा. व्याख्या बरोबर. लक्षणं बरोबर. ‘उदाहरणार्थ, गिरिवाहन हे एक अतिप्राचीन महाकाव्य होय.’

मला आधी बरं वाटलं. कुठंतरी वाचल्यासारखं वाटलं. मग कळलं, की कुठंच वाचलेलं नाही.

दुसरी उत्तरपत्रिका, गिरिवाहन. तिसरी, गिरिवाहन. पाचव्या उत्तरपत्रिकेपर्यंत माझ्या सदऱ्याला इतका घाम आला होता की तो पिळून हॉलभर सडा घालता आला असता. मी प्रत्येकाला सात-सात देत गेलो. दहापैकी सात, ना कमी ना जास्त. डोळ्यांत भरू नये असे. आणि नेमक्या त्यांतल्याच पाच उत्तरपत्रिका मॅडमनी पुन्हा तपासायला उचलल्या.

‘सर,’ थोड्या वेळानं टेबलाच्या टोकावरून आवाज आला, ‘हे गिरिवाहन कुठलं?’

पैठणकडच्या सरांनी मान वर केली. ‘गिरिवाहन? असलं काय नाय मॅडम. मी पीएच.डी.साठी लई जुनी काव्यं धुंडाळलीत.’

‘पाचही जणांनी तेच लिहिलंय. तोच राजपुत्र, तोच डोंगर, तेच दोन भाऊ.’ मॅडमनी उरलेला गठ्ठा माझ्यापुढून ओढून घेतला, भराभरा पानं उलटली. ‘सगळ्यांनीच. चाळीसही जणांनी.’

‘मास कॉपी,’ पैठणकडचे सर म्हणाले. ते आनंदानं म्हणाले असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच काहीतरी घडत होतं.

मॅडमनी कपाटातून एक कोरा नमुना काढला. गैरप्रकाराचा अहवाल. तो एकदा वर गेला की त्या केंद्राचा सगळा निकाल थांबतो. चौकशी, सुनावणी, पुढची परीक्षा. माझ्या डोळ्यांपुढं ती मुलं आली. शेवटच्या वर्षाची होती. कुणाचं पोलीस भरतीचं वय संपत आलेलं. एकीला घरच्यांनी ‘पदवी झाली की लग्न, नाही झाली तर लगेच लग्न’ असं सांगितलेलं. तिनं ते वर्गात हसत सांगितलं होतं. वर्ष गेलं असतं तर त्यांतली निम्मी परत आलीच नसती. हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. निम्मी म्हणजे निम्मी.

मी बोलायला पाहिजे होतं आणि मी बोललो नाही. कारण बोललो असतो तर सगळ्यांना कळणार होतं, की बावीस वर्षांचा अनुभव असलेला मराठीचा मास्तर वर्गात खोटं महाकाव्य शिकवून आला. जूनमधला फोन आला नसता. मॅडमनी गठ्ठ्यावरचा केंद्राचा क्रमांक लिहिला. ‘प्रकार’ या शब्दापुढं त्यांचं पेन टेकलं.

‘मॅडम,’ मी म्हणालो, ‘ती कॉपी नाही. ते महाकाव्य मी शिकवलंय.’

‘कुठून शिकवलंत?’

‘कुठून नाही. मीच रचलं.’

पैठणकडचे सर असे हसले की त्यांचा ओला रुमाल गळून उत्तरपत्रिकांवर पडला. ‘अहो सर, आता हेपण तुम्हीच व्हय? परवा म्हणत होता, दौलताबादच्या किल्ल्यातल्या अंधारी भुयारात तीन दिवस हरवला होता.’

‘चार,’ मी म्हणालो. सवयीनं.

‘घ्या! मॅडम, सर मनानं लई चांगले. पोरं वाचवायला बघतेत. लिहा तुम्ही.’

मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या, लोकांनी त्या चहाबरोबर खपवून घेतल्या, आणि जेव्हा खरं बोलायची वेळ आली तेव्हा ऐकणाऱ्याला माझ्या खऱ्याची चवच माहीत नव्हती. मॅडमनी चष्मा दोरीवर सोडला. त्या रागावल्या नव्हत्या. त्याही दमल्या होत्या, मे महिन्यात सगळेच दमलेले असतात.

‘ठीक आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचं आहे ना? मग सांगा. उत्तरपत्रिका मी माझ्या हातात धरते.’

मी उभा राहिलो. सांगायला लागलो. आता यात माझा काय दोष, की उभा राहिलो की माझा आवाज चढतो? आजूबाजूच्या टेबलांवरची पेनं थांबली. मी राजपुत्राचं वर्णन केलं, दरबार सजवला, त्याच्या सात भावांना ओळीनं उभं केलं.

‘दोन,’ मॅडम म्हणाल्या. ‘इथं दोन भाऊ आहेत.’

‘तेव्हा दोन होते.’

‘पुढं.’

‘मग तो डोंगर उचलतो, तेव्हा धरणी दुभंगते आणि पाताळातून नाग…’

‘नाग नाहीत.’

‘नसतील,’ मी म्हणालो. ‘वेळ कमी होता.’

मागच्या टेबलावर कुणीतरी हसलं. मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मी माझ्याच गोष्टीत नापास होत होतो. पोरांनी ती जशी ऐकली तशी लिहिली होती, साधी, सरळ, दोन भावांची. आणि मला ती तशी सांगताच येईना. जिभेवर आली की फुगायची. मी खाली बसलो, आणि बसल्यावर पहिल्यांदा नीट आठवायला लागलो. लोकांसाठी नाही, त्या दुपारसाठी. पत्रा, गेलेली लाइट, राजपुत्र माळावर, ‘इथं ठेवू का?’ आणि तेवढ्यात…

‘मॅडम,’ मी म्हणालो, ‘शेवट वाचा.’

‘कसला?’

‘उत्तराचा शेवट. कुणाचंही घ्या. मी शेवट सांगितलाच नव्हता. तो माळावर आला आणि घंटा झाली. पोरांना साडेचारची एसटी धरायची होती. त्यांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल तर शेवटही एकच असेल.’

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं, मग हातातल्या उत्तरपत्रिकेकडं. पान उलटलं. आणखी एक उलटलं. उत्तराच्या शेपटापर्यंत जाणारा परीक्षक मी पहिल्यांदा पाहत होतो. त्यांनी वाचलं आणि दुसरी उघडली. मग तिसरी. मग त्या मोठ्यानं वाचायला लागल्या, सपाट आवाजात, हजेरी घेतात तशा.

‘“तेव्हा नायकाची पत्नी मागून आली व म्हणाली, एक बाजू माझ्याकडे द्या. अशा प्रकारे महाकाव्यात स्त्री पात्रास महत्त्व असते.”’

पुढची. ‘“माळ मोकळा होता पण तो दुसऱ्याच्या नावावर होता, म्हणून नायक परत फिरला.”’

पुढची. ‘“नायकाने डोंगर फोडून त्याचे छोटे छोटे खडे केले व रस्त्याच्या कडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पर्यटकांस विकले. डोंगर संपण्यास सात पिढ्या लागल्या.”’

पैठणकडच्या सरांनी रुमाल उचलून पुन्हा गळ्यात घातला होता. ते उठून मॅडमच्या मागं येऊन उभे राहिले. ‘आणा, मीपण वाचतो,’ म्हणाले, आणि एक उत्तरपत्रिका घेऊन बोट ठेवून वाचायला लागले. ‘“वाटेत प्रत्येक गावाने घर बांधायला एक एक दगड मागून घेतला होता, त्यामुळे माळावर पोचला तेव्हा त्याच्या डोक्यावर काहीच नव्हते. पण त्याला ते समजले नाही. तो तसाच मान आखडून उभा राहिला.”’ ते थांबले. ‘आयला,’ म्हणाले. मॅडम समोर आहेत हे विसरून.

इतक्या वर्षांत मी पोरांना कथानक, उत्कर्षबिंदू, शोकात्मिका हे शब्द दिले. त्यांनी मात्र माझ्याकडून शब्द न घेता ते करून दाखवलं होतं. आणि घंटा झाली नसती तर मी माझा शेवट त्यांच्या वह्यांत कोंबला असता, नागांसकट.

मॅडमनी पंधरा-सोळा वाचल्या. एकही शेवट दुसऱ्यासारखा नव्हता. मग त्या एका उत्तरपत्रिकेवर थांबल्या. ‘“पुढील भाग तास संपल्यामुळे झालेला नाही.”’ त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. त्याखाली रेघ, आणि लगेच प्रश्न तिसरा.

गैरप्रकाराचा नमुना त्यांनी चार तुकडे करून टोपलीत टाकला. मला इतकं हलकं वाटलं की कूलरनं मला उडवून नेलं असतं, तो बरा असता तर. पण त्यांनी लगेच दुसरा कोरा कागद पुढं सरकवला.

‘लेखी खुलासा द्या. आणि हा गठ्ठा आता तुम्हाला तपासता येणार नाही. तुमचे विद्यार्थी आहेत. सरांकडं जाईल.’

मी खुलासा लिहायला बसलो. पहिल्या वेळी दोन पानं झाली. पत्रा होता त्यात, पापड होता, त्या वेळची हवा होती. मॅडमनी वाचून परत दिला. ‘चार ओळी, सर. काय झालं एवढंच.’ दुसऱ्या वेळी एक पान. परत. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, ‘सदर उदाहरण मी वर्गात तोंडी रचून सांगितले. ते खरे नाही हे विद्यार्थ्यांस सांगितले नाही. विद्यार्थ्यांचा दोष नाही.’ तीनच ओळी झाल्या. त्याखाली सही करताना आयुष्यात कधीच काही बोललो नसतो तर बरं, असं वाटलं.

शेजारी पैठणकडचे सर नव्यानं तपासत होते. मला बघायला बंदी होती, पण डोळ्याला कोण बंदी करणार? ते प्रत्येक उत्तर शेवटपर्यंत वाचत होते आणि त्यामुळं त्यांना अंधार पडेपर्यंत वेळ लागला. उदाहरण खोटं असलं तरी लक्षणांना लागू पडतं का, एवढंच बघायचं, असं मॅडमनी ठरवून दिलं होतं. त्या ‘झालेला नाही’वाल्या उत्तरपत्रिकेपाशी ते थांबले.

‘मॅडम, यानं शेवट लिहिलाच नाय. कापू का दोन मार्क?’

मॅडम पिशवी आवरत होत्या. ‘जे शिकवलंच नाही, त्याचे मार्क कसे कापता?’ त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं न बघता जिना उतरून गेल्या.

जूनमध्ये फर्दापूरकडच्या कॉलेजचा फोन आला नाही. शहरातल्याचा आला, अर्ध्या तासिकांसाठी. परीक्षकांच्या यादीत माझं नाव नव्हतं. निकाल मी कुणाच्यातरी फोनवर पाहिला, चष्मा वर-खाली करत, आकड्यांच्या त्या बारीक रांगांत. चाळीसांपैकी अडतीस पास. दोन नापास होते, पण ते इंग्रजीत.